झाकलेला आकडा

माझ्या आत्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला, तर ती आधी कॉम्प्युटरकडे बघतच नाही. तुमच्याकडे बघते आणि विचारते, “घरात नवीन काय आलं?” माणसं गोंधळतात. एका गृहस्थांनी तर लाजत लाजत “मुलगी झाली” असं सांगितलं होतं. आत्याने त्यांचं अभिनंदन केलं, आणि मग म्हणाली, “ते छानच झालं. पण टेबलावर नवीन काय आलं?” तेव्हा कुठे नवा प्रिंटर आठवला. काहीतरी निघतंच. नवी वायर, नवा पंखा, कुणाच्या तरी मेव्हण्याने बसवून दिलेला नवा प्रोग्राम.

तिचं दुकान म्हणजे बस डेपोच्या मागच्या रस्त्यावर जिन्याखालची एक खोली. उंच गिऱ्हाईक आलं की त्याचं डोकं पायरीला आपटणार हे ठरलेलं, म्हणून तिथे तिने जुन्या सोफ्याचा स्पंज चिकटवलाय. दोन टेबलं, एक डुगडुगणारं स्टूल, मापाप्रमाणे स्क्रू भरलेल्या बरण्या. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा ती दिवसातून दोनदा शोधत असते.

गेम खेळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तिची आणखी एक रीत आहे. अशा मंडळींना पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा सतत दिसायला लागतो. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतायत, म्हणजे किती फ्रेम, त्याचा तो आकडा. साठ म्हणजे झकास, तीस म्हणजे तोंड वाकडं. आत्या त्या आकड्यावर कागदाची पट्टी चिकटवते आणि म्हणते, “आता खेळ, आणि हाताला काय वाटतं ते सांग.” आकडा दिसत असला की माणूस आकडा वाचून बोलतो, असं तिचं म्हणणं. आकडा तिला एकटीला कळतो, दुसऱ्या छोट्या पडद्यावर. या पट्ट्यांमुळे त्या रस्त्यावर तिला सगळे ‘पट्टीवाली बाई’ म्हणतात. तिलाही ते आवडतं, पण तसं ती कबूल करणार नाही.

या दुकानाआधी ती टीव्हीच्या कारखान्यात होती. सरकत्या पट्ट्यासमोर बसून छोट्या छोट्या बोर्डांवर सोल्डरिंग करायची. अकरा वर्षं केलं आणि तेहेतिसाव्या वर्षी नोकरी सोडली. आमच्या घरात ही गोष्ट एका वाक्यात सांगितली जायची आणि ते वाक्य बाबांचं होतं: “तिला तिथे झेपलं नाही.” दुष्टपणाने नव्हे. बाबा माझ्या आत्याचे थोरले भाऊ, जीव लावणारे. पण पाहुण्यांसमोर, लग्नकार्यात, कुणी विचारलं की हेच वाक्य. आत्या समोर असली तर चहाचा कप उचलून आत निघून जायची. मला वाटायचं, तिला चहा गरम हवा असतो.

बाबा गोदीत क्रेन चालवतात. जमिनीपासून तीस मीटर उंच काचेच्या केबिनमध्ये बसून, पायांखाली बघत, जहाजावरचे कंटेनर उचलून ट्रेलरवर ठेवायचे. कंटेनर दोरांना लटकलेला, वाऱ्याने झुलणारा. तो झोका शांत करून चारही कोपरे खालच्या चार खुंट्यांवर नेमके बसवायचे. बत्तीस वर्षांत त्यांनी एकाही ट्रेलरवाल्याला ओरडायची वेळ आणली नाही, हे मला त्यांनी किमान बत्तीस वेळा सांगितलं आहे.

गोदीचा एक नियम त्यांच्या हाडात मुरलाय. रोज सकाळी फिटर क्रेन तपासतो आणि सही करतो. त्यानंतर दिवसभरात काहीही चुकलं, तर चालवणाऱ्याने आधी स्वतःची चूक शोधायची. यंत्राकडे बोट दाखवणारा ऑपरेटर त्यांच्यात कच्चा समजतात. नियम चांगला आहे, पण गोदीपुरता. बाबांनी तो घरी आणला.

आता आमच्या शर्यतीबद्दल सांगायला हवं. मी नोकरीसाठी दुसऱ्या गावात राहते. गेली पाच वर्षं, दर रविवारी सकाळी दहा वाजता, मी माझ्या लॅपटॉपवर आणि बाबा त्यांच्या कॉम्प्युटरवर, अशी आमची मोटारींची शर्यत लागते. बाबांकडे टेबलाला घट्ट बसवलेलं स्टिअरिंग आहे, खाली पेडल आहेत. तीन फेऱ्या. हरेल त्याने आपापल्या घरची दिवसभराची भांडी घासायची आणि फोटो पाठवायचा. त्यांचा कॉम्प्युटर आत्यानेच जुळवून दिलेला. पाच वर्षांत मी हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा जिंकले असेन. माझ्या फोनमध्ये सेल्फींपेक्षा घासलेल्या पातेल्यांचे फोटो जास्त आहेत.

मग बाबांच्या छप्पन्नाव्या वाढदिवसाला मी शहाणपणा केला. त्यांना डोळे बारीक करून बघावं लागतं, असं आई म्हणाली होती. मी त्यांना मोठा पडदा घेतला. टेबलभर पसरणारा, फोर-के. कुणाला विचारलं नाही. दुकानातल्या मुलीने सांगितलं की याच्यावर गवताचं पातं न् पातं दिसतं, आणि मी भाळले. बाबांनी लावला आणि फोनवर म्हणाले, “ठकू, काय चित्र आहे गं! रस्त्यावरची खडी मोजता येते!”

पुढच्या रविवारी मी जिंकले. त्याच्या पुढच्याही. सहा रविवार ओळीने मीच जिंकत गेले, आणि तेही थोडक्यात नव्हे. बाबांची गाडी वळणावर उशिरा वळायची, मग जास्त वळायची, मग कठड्याला घासत जायची. आणि मी काय केलं? मी चिडवलं. “बाबा, म्हातारे झालात! हात चालत नाहीत आता!” असं हसत हसत, सहाही वेळा. ते पण हसायचे. पातेल्यांचे फोटो वेळेवर यायचे. ते हसणं आठवलं की आजही माझा मला राग येतो.

सातव्या शुक्रवारी आईचा फोन आला. आवाज दाबून बोलत होती. “तुझ्या बाबांनी अर्ज लिहिलाय. क्रेन सोडतायत. खालचं काम द्या म्हणून. सोमवारी देणार आहेत.”

“का? तिथे काही झालं का?”

“काहीच झालं नाही. म्हणतात, काही व्हायच्या आधी उतरलेलं बरं. हात मंदावले म्हणतात. त्या खेळात कळलं म्हणे.”

खाली म्हणजे गेटवर बसून पावत्या तपासायच्या. ज्या माणसाला जमिनीवर चालतानाही वरून बघायची सवय, त्याला खुर्ची. आणि एकदा खाली आलेल्या ऑपरेटरला पुन्हा वर चढवत नाहीत, हेही मला माहीत होतं. शिवाय बाबांच्या मनात जे होतं, ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. हात खरंच मंदावले असतील तर खाली उभ्या माणसांच्या डोक्यावर वीस टन लटकणार होते. “काही नाही हो बाबा, चालवा” असं म्हणायची माझी छाती नव्हती. मला खरं काय ते कळायला हवं होतं.

शनिवारी मी निघाले, पण घरी न जाता आधी जिन्याखालच्या खोलीत गेले. स्पंजला डोकं आपटलं. सगळं एका दमात सांगितलं. आत्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“घरात नवीन काय आलं?”

मी पडद्याचं सांगितलं. आत्याने दोन्ही चष्मे काढले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“केवढा? ठिपके किती?”

मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. “अगं भवाने, मला एक फोन करायला काय धाड भरली होती? त्या मशीनमधलं चित्रं काढणारं कार्ड मी जुन्या पडद्यापुरतं घातलं होतं!”

“म्हणजे बाबांचे हात...”

“हातांचं उद्या बघू. मोजल्याशिवाय मी कुणाच्या हातांबद्दल बोलत नाही,” ती म्हणाली, आणि हे बोलताना तिचा आवाज जरा निराळाच लागला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता आत्या हातात पिशवी घेऊन दारात हजर. आईला बरं वाटलं. “या वन्सं, तुम्हीच समजवा आता,” ती म्हणाली.

“समजवायला मी काय कीर्तनकार आहे? वहिनी, चहा टाका. दादा कुठाय?”

बाबा नव्या पडद्यासमोर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला, मागे आत्या दिसली आणि खुललेला चेहरा थोडा सावध झाला. खुर्चीच्या पाठीवर सोमवारचा इस्त्रीचा शर्ट होता आणि खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता.

आत्याने काहीच विचारलं नाही. गेम सुरू करायला लावला, पिशवीतून आपला छोटा पडदा काढून जोडला, आणि मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आणला. एकोणीस.

“हे बघ दादा. सेकंदाला एकोणीस चित्रं. मी मशीन दिलं तेव्हा सत्तरच्या पुढे होती.”

“पण चित्र तर पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे,” बाबा म्हणाले. “मशीन उलट सुधारलं. बिघडलोय तो मीच.”

“चित्र चांगलं आहे, म्हणूनच उशिरा येतंय. जुन्या पडद्यावर ठिपके होते वीस लाखांच्या आसपास. याच्यावर त्र्याऐंशी लाख. आडवे दुप्पट, उभे दुप्पट, म्हणजे झाले चौपट. प्रत्येक चित्राला तेवढे सगळे ठिपके त्या एका कार्डाने रंगवायचे. रंगारी तोच आणि भिंत चौपट, तर दिवसाला किती भिंती होतील?”

आत्याने सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, खाली आणलं, जुन्या पडद्याइतकं. आकडा उडी मारून एकाहत्तरवर गेला. “बघ. ठिपके कमी केल्याबरोबर वेग वाढला, म्हणजे अडलं होतं ते कार्डापाशी. प्रोसेसर अडत असता तर ठिपके कमी करूनही आकडा जागचा हलला नसता.”

“असेल,” बाबा म्हणाले. “पण एकोणीस काय आणि एकाहत्तर काय, मी सगळं यंत्रावर ढकलू? सहा रविवार हरलोय मी.”

“तू वळणावर काय करत होतास ते सांग. चाक फिरवलं की गाडी लगेच वळलेली दिसायची?”

बाबा आठवू लागले. “नाही... थोडी थांबायची. मग मी आणखी फिरवायचो. मग एकदम जास्त वळायची. मग उलटं.” बोलता बोलता त्यांचे हात हवेत स्टिअरिंग फिरवायला लागले आणि मध्येच थांबले. “हे तर नवख्या ऑपरेटरचं होतं. झोका उशिरा कळला की तो दोनदा खेचतो आणि झोका वाढवतो.”

“नवख्याला झोका उशिरा कळतो. तुला चित्रच उशिरा मिळत होतं.”

मला वाटलं, झालं, सुटलो. पण बाबा ते बाबा. मान हलवून म्हणाले, “समजा तसं असलं, तरी त्यावरून माझे हात ठीक आहेत हे सिद्ध होत नाही. वर माणसांचा जीव असतो. मला अंदाजाने वर चढायचं नाही.”

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. मग पहिल्यांदा हसली. “बरोबर बोललास. म्हणून तर पिशवी आणलीय.”

तिने चिकटपट्टी काढली. कागद हवा होता. इकडेतिकडे बघितलं आणि सरळ शर्टाच्या खिशातला घडीचा कागद उचलून पडद्याच्या कोपऱ्यावर, आकड्याच्या डोक्यावर चिकटवून टाकला. आईच्या हातातला कप बशीवर वाजला. बाबांची नजर आत्याच्या छोट्या पडद्याकडे होती, त्यांना कळलंच नाही.

“आता ऐक,” छोटा पडदा स्वतःकडे वळवून घेत आत्या म्हणाली. “सहा फेऱ्या. चित्र सहाही वेळा असंच दिसेल, ठिपके बदलणार नाहीत. वेगाला मात्र मी कुलूप घालणार, कधी साठावर, कधी तिसावर. तू एक फेरी मारायची आणि सांगायचं, साठ की तीस. डोकं चालवू नकोस. हाताला विचार.”

पहिली फेरी. बाबांनी निम्मा रस्ताही संपवला नव्हता. “तीस.”

“संपव फेरी.”

“कशाला? तीस आहे.”

दुसरी, साठ. तिसरी, परत साठ. चौथी, तीस. दरवेळी आत्या आपल्या छोट्या पडद्यावर बघायची आणि चेहरा दगडासारखा ठेवायची. मी तिच्या मागे उभी राहून आकडा बघत होते. चारही बरोबर होते. आईने तोवर देवाचं नाव घेणं सुरू केलं होतं.

पाचव्या फेरीत बाबा गप्प झाले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. आत्याच्या पडद्यावरचा आकडा मी पाहिला आणि तिला चिमटा काढावासा वाटला. चाळीस! बाईने मधेच तिसराच वेग घातला होता.

बाबांनी गाडी थांबवली. “तू लबाडी करतेयस.”

“का?”

“हे साठ नाही आणि तीसही नाही. मधलं आहे काहीतरी. तिसाच्या जवळचं.”

आत्याने छोटा पडदा त्यांच्याकडे फिरवला. चाळीसचा आकडा बघून बाबांनी स्टिअरिंगवरचे हात उचलून समोर धरले आणि त्यांच्याकडे बघितलं. सहावी फेरी मारायची कुणाला आठवणही झाली नाही.

“दादा,” आत्या म्हणाली, “माझ्या दुकानात चोवीस तास गेम खेळणारी पोरं येतात. पट्टी लावली की त्यातल्या निम्म्यांना चाळीस आणि साठातला फरक सांगता येत नाही. तुला तिसरा वेग आहे हेही कळलं, तेही न सांगता. गोदीच्या डॉक्टरकडून हात-डोळे तपासून घे, दर वर्षी घेतोसच. पण या खेळावरून काही लिहून द्यायचं असेल, तर हेही लिही.”

“लिहिलेलं शर्टात आहे माझ्या,” बाबा म्हणाले आणि खुर्चीकडे वळले. खिसा रिकामा होता.

“पट्टी काढ,” आत्या म्हणाली.

बाबांनी कोपऱ्यातला कागद ओढला. चिकटपट्टीबरोबर वरची बाजू फाटून आली. घडी उघडली आणि आपलंच अक्षर दिसलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: ‘माझ्या हातांची हालचाल मंदावल्यामुळे’.

“माझा अर्ज असाच होता,” आत्या म्हणाली. “शब्दसुद्धा हेच.”

आत्या स्टिअरिंगच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत सांगत होती, आणि एवढा वेळ ठणठणीत असलेला तिचा आवाज आता हळू झाला होता. “अकरा वर्षं तासाला चाळीस बोर्ड करत होते. मग हात मागे पडायला लागले. बोर्ड पुढे निघून जायचे. सुपरवायझर म्हणाला, वय झालं बाई. तेहेतिसाव्या वर्षी! मी मान्य केलं आणि सही करून दिली. दोन वर्षांनी तिथला फिटर दुकानात रेडिओ घेऊन आला, त्याच्याकडून कळलं. पट्ट्याची मोटर बदलली होती. चाळिसाचे बावन्न केले होते, आणि आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.”

“मग बोलली का नाहीस?” बाबा म्हणाले. “मला तरी सांगायचंस.”

“तू कधी विचारलंस का? तू सगळ्यांना सांगत होतास.”

बाबा म्हणजे तीस मीटरवरून खुंटी चुकू न देणारा माणूस, पण समोर बसलेल्या बहिणीकडे त्यांना बघता येईना. मलाही येईना. ते वाक्य मीही माझ्या मैत्रिणींना सांगितलं होतं, अगदी त्याच सुरात.

“चुकलं माझं,” बाबा शेवटी म्हणाले. “वीस वर्षं चुकलं.”

“हं,” आत्या म्हणाली. नाकावरचा चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. “आता शर्यत लावा. दहा वाजून गेले.”

मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. एक गोष्ट शपथेवर सांगते, मी मुद्दाम हरले नाही. जीव तोडून चालवली. पहिल्या वळणावर बाबांची गाडी माझ्या बाजूने अशी सुळकन गेली की माझ्या तोंडून शिवी निघाली, आणि बाहेरून आईने “ऐकू आलं!” म्हणून दम दिला. तिन्ही फेऱ्या त्यांनी घेतल्या. तिसऱ्या फेरीत मी रस्ता नीट बघू शकत नव्हते, कारण डोळे भरून आले होते. हरण्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

बाहेर येऊन मी बाह्या सरसावल्या आणि भांड्यांकडे निघाले. मोरीपाशी बाबा आधीच उभे होते. फाटका अर्ज कचऱ्याच्या डब्यात वरच दिसत होता. त्यांच्या हातात आत्याचा कप होता आणि ते तो आतून, बाहेरून, कानाच्या मागूनसुद्धा घासत होते.

“बाबा, जिंकलात ना तुम्ही?”

“तुझ्याशी जिंकलो,” ते मान वर न करता म्हणाले.

आत्या दारात येऊन उभी राहिली. आईने पुढे केलेला दुसरा चहा तिने घेतला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कप उचलून आत निघून न जाता तिथेच, आम्हा सगळ्यांच्या मध्ये उभं राहून प्यायली.

“दादा,” ती म्हणाली, “कढईचं बूड राहिलंय. हात मंदावले काय?”